ई-सिगारेटची बॅटरी : ऑटोमॅटिक की मॅन्युअल? फरक, फायदे-तोटे आणि सुरक्षितता

ई-सिगारेट चालू करायच्या दोन पद्धती आहेत. एकीत तुम्ही नुसतं ओढता आणि ती आपोआप सुरू होते. दुसरीत बटण दाबून धरावं लागतं. पहिलीला ऑटोमॅटिक बॅटरी म्हणतात, दुसरीला मॅन्युअल. परदेशात राहणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून मला हा प्रश्न बऱ्याचदा येतो : "दोन्हीची किंमत जवळपास सारखीच आहे, मग घ्यायची कुठली?"

या लेखात आपण दोन्ही बॅटऱ्या आतून कशा चालतात, कुठे बिघडतात आणि निवड करताना नेमकं काय बघायचं ते पाहू. मी स्वतः ई-सिगारेट ओढत नाही आणि तुम्ही ओढावी असंही मला वाटत नाही. पण ही वस्तू खिशात ठेवली जाते, तोंडाजवळ धरली जाते आणि तिच्यात लिथियम-आयन सेल असतो. त्यामुळे आतलं सर्किट समजून घेणं महत्त्वाचं आहे.

सुरुवातीला कायद्याची बाजू

भारतात ई-सिगारेटवर बंदी आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात हे सगळं या कायद्याने बंद केलं आहे. पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा गुन्हा केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. साठवणुकीसाठी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

"माझ्या लिक्विडमध्ये निकोटिन नाही" हा बचाव इथे चालत नाही. कायद्याच्या व्याख्येत निकोटिन असलेली आणि नसलेली, दोन्ही उपकरणं येतात. म्हणून परदेशातून येताना भाचा-पुतण्यांसाठी "गंमत म्हणून" आणणं हीसुद्धा आयातच.

बाहेरही सगळीकडे मोकळीक नाही. सिंगापूरमध्ये ई-सिगारेट बाळगणं आणि ओढणंही गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४ पासून ती फक्त फार्मसीतून मिळते. ब्रिटनमध्ये प्रौढांना विक्री कायदेशीर आहे, पण एकदा वापरून फेकायच्या डिस्पोजेबल ई-सिगारेट १ जून २०२५ पासून बंद झाल्या आहेत. हा लेख जिथे ही वस्तू कायदेशीर आहे तिथल्या प्रौढ वाचकांसाठी आणि तंत्रज्ञानाची उत्सुकता असलेल्या सगळ्यांसाठी आहे.

ई-सिगारेटमध्ये असतं काय?

मुख्य भाग चारच :

- बॅटरी : एक लिथियम-आयन सेल आणि त्याच्यासोबत छोटंसं सर्किट.
- कॉइल : तापणारी बारीक तार.
- वात : बहुतेक वेळा कापसाची. समईच्या वातीसारखीच ती लिक्विड शोषून तारेपर्यंत आणते.
- लिक्विड : प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटिन.

बॅटरीतून करंट गेला की तार तापते, वातीतल्या लिक्विडची वाफ होते आणि ती ओढली जाते. इथे जळत काही नाही, म्हणून राख आणि धूर नाही. पण याचा अर्थ ती निरुपद्रवी असा होत नाही. निकोटिनचं व्यसन तसंच राहतं.

बऱ्याच बॅटऱ्यांच्या वरच्या टोकाला "५१०" नावाचे आटे असतात. ७ मिलिमीटर व्यासाचे, ०.५ मिलिमीटर अंतराचे बारीक आटे. बाहेरची कडा निगेटिव्ह, मधली पिन पॉझिटिव्ह. हे आटे इतके रूढ झाले की एका कंपनीची बॅटरी आणि दुसऱ्या कंपनीची टाकी सहज जुळते. ही सोय आहे आणि धोकाही. तो कसा ते पुढे येईल.

इतिहास : आधी आली ती ऑटोमॅटिक

वाफेच्या सिगारेटची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये धूर नसलेल्या, तंबाखू नसलेल्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९६५ मध्ये ते मंजूर झालं, पण वस्तू बाजारात चालली नाही. आजच्या ई-सिगारेटचं श्रेय चीनमधले फार्मासिस्ट होन लिक यांना दिलं जातं. त्यांनी २००३ मध्ये आपलं उपकरण तयार केलं आणि पुढच्याच वर्षी ते चीनच्या बाजारात आलं.

सुरुवातीच्या ई-सिगारेट दिसायला हुबेहूब सिगारेट होत्या : पांढरी नळी, तपकिरी फिल्टर, टोकाला लाल दिवा. ज्याला सिगारेटची सवय आहे त्याला बटण दाबायला लावलं तर सगळा आभासच मोडतो. म्हणून त्यात ओढल्यावर चालू होणारा सेन्सर आला. पुढे वापरणाऱ्यांना जास्त वाफ आणि जास्त वेळ टिकणारी बॅटरी हवी झाली, नळी जाड झाली, सिगारेटसारखं दिसण्याचा आग्रह सुटला आणि बटणवाल्या पेन-बॅटऱ्या लोकप्रिय झाल्या. म्हणजे हे दोन प्रकार वेगवेगळ्या गरजांतून आले आहेत. एकाचं जुनं आणि दुसऱ्याचं सुधारित मॉडेल असं ते नातं नाही.

ऑटोमॅटिक बॅटरी कशी चालते?

ऑटोमॅटिक बॅटरीच्या आत हवेच्या दाबाचा सेन्सर असतो. तो उघडून पाहिला तर मोबाइलच्या किंवा इअरफोनच्या माइकसारखा छोटा गोल डबा दिसतो. दिसण्यातलं साम्य योगायोगाने आलेलं नाही, आतली रचनाही जवळपास तीच आहे.

डब्यात एक पातळ पडदा आणि त्याच्यासमोर एक स्थिर प्लेट असते. दोघांमध्ये हवा. हा झाला एक कपॅसिटर. तुम्ही ओढलं की एका बाजूचा दाब कमी होतो, पडदा किंचित वाकतो, दोन प्लेटमधलं अंतर बदलतं आणि कपॅसिटन्स बदलतो. शेजारची चिप हा बदल सतत मोजत असते. बदल ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की ती एका ट्रान्झिस्टरला चालू करते, करंट कॉइलकडे जातो आणि टोकाचा एलईडी लागतो. ओढणं थांबलं की पडदा सरळ होतो आणि करंट बंद.

चांगल्या चिपमध्ये आणखी एक गोष्ट असते : टायमर. कितीही वेळ ओढत राहिलात तरी ठरावीक सेकंदांनी ती करंट तोडते. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला टाइमआउट म्हणतो, तेच. सेन्सर खोटं बोलू शकतो हे गृहीत धरून केलेली ही सोय आहे.

ऑटोमॅटिकचे फायदे

- शिकायचं काही नाही. ओढायचं, बस्स.
- दाबायला बटण नसल्यामुळे खिशात चुकून दाबलं जाण्याचा प्रश्न येत नाही.
- आकार लहान आणि वजन कमी ठेवता येतं.
- बोटांना कंप असलेल्या किंवा संधिवात असलेल्या वयस्क माणसाला बटण दाबून धरण्यापेक्षा हे सोपं जातं.

ऑटोमॅटिकचे तोटे

सगळ्यात मोठा तोटा रचनेतच आहे. सेन्सरला दाब कळायचा तर हवा त्याच्यापर्यंत पोचली पाहिजे. म्हणजे बॅटरीत वाट मोकळी ठेवावी लागते, आणि जिथून हवा जाते तिथून लिक्विडही जातं. टाकी थोडी गळली किंवा वाफ थंड होऊन थेंब जमला की तो सेन्सरवर उतरतो.

मग काय होतं? लिक्विडचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो. पडदा वाकलेला नसतानाही कपॅसिटन्स वाढतो आणि चिपला वाटतं की कोणीतरी ओढतंय. ब्रिटनमध्ये एका प्रोजेक्टवर असताना मी हे समोर पाहिलं. सहकाऱ्याची पेन-बॅटरी टेबलावर आडवी पडलेली, आणि कोणी हात न लावता तिचा निळा दिवा दर थोड्या वेळाने लागायचा, काही सेकंदांनी विझायचा, पुन्हा लागायचा. विझत होता तो टायमरमुळे. त्या बॅटरीत टायमर नसता तर रिकामी कॉइल बॅटरी संपेपर्यंत तापत राहिली असती. आम्ही टाकी काढून बाजूला ठेवली आणि बॅटरी दुसऱ्या दिवशी रिसायकलिंगच्या डब्यात गेली. अशी बॅटरी "वाळली की होईल ठीक" म्हणून पुन्हा वापरू नये.

बाकीचे तोटे लहान आहेत :

- जोराचा वारा, मोठा आवाज, गाडीतले हादरे किंवा विमानात बदलणारा दाब यामुळे सेन्सर कधीकधी उगाच चालू होतो.
- हळू ओढलं तर सेन्सरला कळत नाही. म्हणून बरेच जण आधी एक छोटा झुरका घेऊन त्याला "जागं" करतात आणि मग खरा झुरका घेतात.
- करंट ओढल्यानंतर सुरू होतो, त्यामुळे पहिला क्षण थंड हवेचाच जातो.
- स्वतःची हवेची भोकं असलेली मोठी टाकी लावली तर हवा बॅटरीतून जातच नाही आणि सेन्सर चालू होत नाही. आटे जुळतात पण काम होत नाही, ते यामुळे.

मॅन्युअल बॅटरी कशी चालते?

इथे सेन्सरच्या जागी बटण आहे. दाबून धरलं की करंट चालू, सोडलं की बंद. पण बटण थेट कॉइलला जोडलेलं नसतं. ते चिपला फक्त सांगतं, आणि करंट सोडायचा की नाही हे चिप ठरवते. सोडण्याआधी ती काय तपासते, ते मॉडेलनुसार बदलतं, पण चांगल्या बॅटरीत साधारण हे असतं :

- बॅटरीचं व्होल्टेज पुरेसं आहे ना? खूप उतरलं असेल तर नकार.
- समोर शॉर्टसर्किट नाही ना? कॉइलचा रोध फार कमी दिसला तर नकार.
- बटण ८-१० सेकंदांहून जास्त वेळ दाबलेलं आहे का? असेल तर बंद.

याशिवाय एक लॉक असतं. बटण पटापट पाच वेळा दाबलं की बॅटरी पूर्ण बंद, पुन्हा पाच वेळा दाबलं की चालू. काही मॉडेलमध्ये हा आकडा तीन असतो. पाचच का? कारण खिशात बसताना-उठताना बटण एखाद-दोन वेळा दाबलं जाऊ शकतं, पण दोन सेकंदांत पाच वेळा सहसा नाही.

मॅन्युअलचे फायदे

- हवेची वाट बंद ठेवता येते, त्यामुळे लिक्विड सर्किटपर्यंत पोचणं कठीण. ती जास्त टिकते याचं मुख्य कारण हेच.
- ओढण्याच्या क्षणभर आधी बटण दाबून कॉइल तापवता येते.
- झुरका किती वेळ हे वापरणारा ठरवतो.
- बऱ्याच मॉडेलमध्ये व्होल्टेज कमी-जास्त करता येतं.
- टाकी बदलण्याची मुभा जास्त.

मॅन्युअलचे तोटे

- लॉक करायला विसरलं की खिशात, पर्समध्ये बटण दाबलं जातं. मॅन्युअल बॅटरीची बहुतेक गाऱ्हाणी इथूनच सुरू होतात.
- वात कोरडी असताना बटण दाबून धरलं तर कापूस करपतो. अशा अति तापलेल्या कॉइलमधून फॉर्माल्डिहाइडसारखे घातक पदार्थ तयार होतात. करपट चव आली की लगेच थांबायचं.
- बटण चिकट होऊन आतच अडकू शकतं. तेव्हा वाचवणारा पुन्हा टायमरच.

थोडं गणित : मोठी बॅटरी म्हणजे जास्त झुरके?

सिगारेटच्या आकाराच्या ऑटोमॅटिक बॅटरीची क्षमता साधारण १८० ते २८० एमएएच असते. पेनसारख्या मॅन्युअल बॅटरीत ६५०, ९००, ११०० एमएएच असे आकडे दिसतात. सेलचं सरासरी व्होल्टेज ३.७ धरून हिशोब करू.

ऑटोमॅटिक : २८० एमएएच, कॉइल ३ ओहम. करंट ३.७ भागिले ३ म्हणजे सुमारे १.२ अँपिअर, पॉवर सुमारे ४.६ वॉट. सेलमध्ये ऊर्जा सुमारे ३,७०० ज्यूल. ३ सेकंदांच्या झुरक्याला १४ ज्यूल लागले तर कागदावर सुमारे २७० झुरके.

मॅन्युअल : ६५० एमएएच, कॉइल २ ओहम. करंट सुमारे १.८५ अँपिअर, पॉवर सुमारे ६.८ वॉट. ऊर्जा सुमारे ८,७०० ज्यूल. एका झुरक्याला २० ज्यूल धरले तर सुमारे ४२० झुरके.

प्रत्यक्षात दोन्ही आकडे कमी येतात, कारण सेल पूर्ण रिकामा होण्याआधीच चिप पुरवठा थांबवते. पण गंमत बघा : क्षमता दुपटीहून जास्त, तरी झुरके जेमतेम दीडपट, कारण मॅन्युअलवर माणूस जास्त पॉवरची कॉइल लावतो. म्हणून पाकिटावरचा एमएएच एकटा बघून तुलना करू नका, सोबत कॉइलचा ओहमही बघा.

दुसरी गोष्ट सेलच्या आयुष्याची. २८० एमएएचच्या सेलकडून १.२ अँपिअर काढणं म्हणजे त्याच्या क्षमतेच्या चौपटीहून अधिक करंट खेचणं. ६५० च्या सेलसाठी तोच आकडा तिपटीच्या आत राहतो. लहान सेलवर ताण जास्त, म्हणून तो लवकर थकतो.

खरा धोका कुठे आहे?

लिथियम-आयन सेलमधला इलेक्ट्रोलाइट ज्वलनशील असतो. सेल आतून शॉर्ट झाला, जास्त चार्ज झाला किंवा फार तापला की एक साखळी सुरू होते : उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते, क्रियेने उष्णता वाढते. फोनमध्येही हेच घडू शकतं. फरक आकाराचा आहे. ई-सिगारेट ही मजबूत नळी आहे, आणि आतला दाब सुटायला तिचं टोक हीच सगळ्यात कमकुवत जागा. दाब वाढला की ती दिवाळीच्या रॉकेटसारखी उडते.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ मध्ये एक अहवाल काढला. जानेवारी २००९ ते डिसेंबर २०१६ या काळातल्या आग आणि स्फोटाच्या १९५ घटना त्यात आहेत. त्यांत १३३ जण जखमी झाले, त्यातल्या ३८ जणांच्या जखमा गंभीर होत्या. या घटना कुठे घडल्या ते बघा :

- खिशात असताना (उपकरण किंवा सुटा सेल) : ६१
- वापरत असताना : ६०
- चार्ज होत असताना : ४८
- नुसती ठेवलेली असताना : १८
- बाकी ८ मध्ये ७ ठिकाणी माहिती नाही आणि १ मालवाहतुकीत

म्हणजे "मी चार्जिंगला लावून झोपत नाही, मग मला काय धोका" हे पुरेसं नाही. सगळ्यात जास्त घटना खिशातल्या आहेत. त्यातही सुटा सेल नाणी आणि किल्ल्यांबरोबर ठेवणं हे सर्वांत वाईट, कारण किल्लीने दोन टोकं जोडली की शॉर्टसर्किट तयार.

इथे तिसऱ्या प्रकाराचा उल्लेख केलाच पाहिजे. "मेकॅनिकल मॉड" नावाच्या उपकरणांत बटण असतं, पण चिप नसते. बटण दाबलं की सेल थेट कॉइलला जोडला जातो. टायमर नाही, शॉर्टसर्किटची तपासणी नाही. पूर्ण चार्ज सेल ४.२ व्होल्टचा. ०.२ ओहमची कॉइल लावली तर करंट २१ अँपिअर, आणि तेवढा करंट अनेक सेलना झेपत नाही. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये ई-सिगारेटच्या स्फोटाने माणसं दगावली, तेव्हा दोन्ही वेळा बातम्यांमध्ये याच प्रकारच्या उपकरणाचं नाव आलं. दुकानदार यालाही "मॅन्युअल" म्हणून विकू शकतो, म्हणून शब्दावर जाऊ नका.

मग निवड कशी करायची?

मला या सगळ्यातून एक गोष्ट दिसते. "ऑटोमॅटिक की मॅन्युअल" हा प्रश्न करंट कोण चालू करतं याचा आहे, पण सुरक्षितता अवलंबून असते करंट कोण बंद करतं यावर. सेन्सर भिजतो, बटण अडकतं, माणूस विसरतो. तिन्ही वेळा वाचवणारी चिप एकच. म्हणून क्रम असा ठेवा :

१. आधी संरक्षण बघा. टाइमआउट, शॉर्टसर्किट संरक्षण, कमी व्होल्टेजला बंद होणं आणि जास्त चार्जिंगपासून बचाव, या चार गोष्टी माहितीपत्रकात लिहिलेल्या हव्यात. ई-सिगारेटच्या बॅटरी, हीटिंग आणि चार्जिंग यंत्रणेसाठी यूएल ८१३९ नावाचं मानक आहे. त्याचं प्रमाणपत्र असेल तर उत्तम.

२. मग सवय बघा. सिगारेट सोडण्यासाठीच ती तात्पुरती वापरायची असेल, वापर कमी असेल, बटणाची कटकट नको असेल तर ऑटोमॅटिक. टाकी वारंवार भरणार असाल, दिवसभर एकच बॅटरी पुरवायची असेल तर मॅन्युअल.

३. मग जागा बघा. बॅटरी पँटच्या खिशात किंवा भरलेल्या पर्समध्ये राहणार असेल आणि लॉक करायची सवय नसेल, तर मॅन्युअल घेऊ नका. सतत उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा आडवी पडून राहणार असेल तर टाकी गळण्याची शक्यता वाढते, तिथे ऑटोमॅटिक आधी बिघडेल.

४. मेकॅनिकल मॉड घेऊच नका. त्यात निवड करण्यासारखं काही नाही.

चार्जिंगचे नियम

- सोबत आलेलाच चार्जर वापरा. ५१० आट्यांचा कोणताही चार्जर बसतो, पण बसतो म्हणजे चालतो असं नाही. काही बॅटऱ्यांत चार्जिंग थांबवणारं सर्किट बॅटरीत असतं, काहींत ते चार्जरमध्ये असतं. चुकीची जोडी जुळली तर थांबवणारं कोणीच उरत नाही.
- रात्रभर लावून ठेवू नका, उशीजवळ तर नाहीच.
- फुगलेली, पडून चेपलेली किंवा भिजलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका.
- आट्यांवर जमलेलं लिक्विड कोरड्या कापडाने पुसत राहा.
- संपलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका. ती ई-कचऱ्यात जायला हवी.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिस्पोजेबल ई-सिगारेट कोणत्या प्रकारात येते?
बहुतेक सगळ्या ऑटोमॅटिक. त्यातला सेल मात्र एकदाच वापरायच्या दर्जाचा नसतो. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी असे सेल काढून तपासले, तेव्हा ते ४५० हून अधिक वेळा चार्ज होऊ शकले. एवढ्या टिकाऊ सेलची ही उधळपट्टी आणि कचरा हे ब्रिटनमधल्या बंदीमागचं एक कारण होतं.

विमानात नेता येते का?
ई-सिगारेट चेक-इन बॅगेत ठेवायला आणि विमानात चार्ज करायला मनाई आहे. जिथे ती कायदेशीर आहे तिथे हातातल्या सामानातच न्यावी लागते, आणि मॅन्युअल असेल तर लॉक करून. भारतात येताना ती सोबत आणूच नका.

फोनच्या फास्ट चार्जरला लावली तर लवकर चार्ज होईल का?
नाही. चार्जिंगचा वेग बॅटरीतलं सर्किट ठरवतं. आणि तेच सर्किट हलक्या दर्जाचं असेल तर जास्त ताकदीचा चार्जर लावणं म्हणजे विनाकारण जोखीम.

ऑटोमॅटिक बॅटरी दुरुस्त करता येते का?
सेन्सर बदलणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण ती नळी उघडताना सेलला छिद्र पडण्याची भीती असते. घरी हा प्रयोग करू नका.

यातली कुठली बॅटरी आरोग्याला कमी घातक?
शरीरात काय जातं ते लिक्विड आणि कॉइलच्या तापमानावर ठरतं. सेन्सर की बटण याने त्यात फारसा फरक पडत नाही.

निष्कर्ष

थोडक्यात, ऑटोमॅटिक सोपी आणि लहान, पण ओलाव्याला नाजूक. मॅन्युअल टिकाऊ आणि हुकमी, पण लॉक करायची शिस्त मागणारी. दोन्हींत आधी चिपचं संरक्षण तपासा आणि मग आवडनिवड.

जे सिगारेट ओढत नाहीत त्यांनी यातलं काहीच सुरू करायचं कारण नाही. आणि भारतात राहून तंबाखू सोडायचा विचार करत असाल तर राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा १८००-११२-३५६ हा नंबर टोल-फ्री आहे. तिथे समुपदेशन मिळतं आणि त्यासाठी कुठलीही बॅटरी चार्ज करावी लागत नाही.

परदेशातल्या कोणा नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या खिशात अशी बॅटरी असेल तर हा लेख त्यांना जरूर पाठवा. निदान आज रात्री चार्जिंगला लावताना चार्जर कोणता आहे ते तरी बघतील.